फोटोत नसलेला सहावा

आज सकाळी पाहिलेला एक फोटो अजून डोक्यातून जात नाही. शिखरमाथ्यावर पाच जण एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत, मागे स्वच्छ निळे आकाश आहे आणि खाली पराक्रमाचे सविस्तर वर्णन आहे. त्या वर्णनात एक वाक्य असेही आहे, की सहाव्या मित्राला शेवटच्या छावणीत उलट्या सुरू झाल्या, तो ‘ऐन वेळी मनाने कच्चा निघाला’, म्हणून त्याला तंबूत झोपवून बाकीचे पुढे गेले. त्याखाली अभिनंदनाचा नुसता पाऊस पडला आहे. त्या सहाव्याजवळ कोण थांबले होते, एवढे विचारावे असे कोणालाही वाटलेले दिसले नाही, म्हणून मी विचारले. उत्तर आले, “त्याच्या उशाशी पाणी आणि वॉकीटॉकी ठेवली होती, ताई. काळजी नसावी.”

काळजी नसावी म्हणे!

उंचीवर अशा उलट्या बहुधा विरळ हवेमुळे होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५०० मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. हवेतला प्राणवायू तिथेही २१ टक्केच असतो, पण दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा वाटा घटतो, आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला शरीराला तास नव्हे, दिवस लागतात. म्हणूनच ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा, असे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. या हिशेबात मनोधैर्याचा रकाना कुठेही नाही. रोज धावणाऱ्या, दंड-बैठका काढणाऱ्या माणसालाही उंचीचा त्रास होतो. उलट असा माणूस दम लागत नाही म्हणून भराभर चढतो आणि त्यामुळेच अनेकदा आधी त्याच्या तडाख्यात सापडतो.

आमच्या गटातला जो सर्वांत दणकट, त्याच्याच बाबतीत हे घडले. (शिखराचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण नाव लिहिले की खाली उंचीवरून वाद सुरू होतात आणि मूळ विषय बाजूला राहतो.) इतरांच्या पाठीवरचे ओझे मागून घेणारा हा मित्र वरच्या छावणीत जेवण नको म्हणाला आणि लवकर स्लीपिंग बॅगमध्ये शिरला. डोके दुखते का, असे विचारल्यावर ‘थोडेसे’ म्हणाला. मध्यरात्रीनंतर आम्ही हेडलॅम्पच्या उजेडात बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे काटे) बांधत होतो, तेव्हा तो एकाच बकलाशी कितीतरी वेळ झटत बसला होता. डाव्या पायाचा क्रॅम्पॉन त्याने उजव्या बुटाखाली धरला होता, पट्टा काही केल्या जमत नव्हता आणि तो स्वतःशीच हसत होता. आमच्यातली एक मैत्रीण, जी एरवी फारसे बोलतही नाही, उठली. तिने आइस अॅक्सच्या, म्हणजे बर्फातल्या कुऱ्हाडीच्या, टोकाने बर्फावर एक सरळ रेघ ओढली आणि त्याला म्हणाली, “टाचेला बोटे लावत हिच्यावरून चाल.” तिसऱ्या पावलाला तो आडवा झाला.

ही चाचणी नवी किंवा गुप्त नाही, उंचीवर जाणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी. उंचीवर गेलेल्या माणसाचा तोल जाऊ लागला, तर मेंदूला सूज येऊ लागल्याचे धरूनच चालावे लागते. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारे औषध आणि बाटलीतला प्राणवायू यांनी वेळ मिळतो, पण खरा उपाय एकच आणि तो म्हणजे खाली उतरणे, तेही सकाळची वाट न पाहता. आम्ही सगळे उतरलो. मतदान झाले नाही की चर्चा झाली नाही. दोराला त्याला मध्ये बांधले, पुढे दोघे, मागे बाकीचे, आणि तो संपूर्ण वाटभर आम्हाला शिव्या घालत होता. “मला झोपू द्या, सकाळी ठणठणीत होईन,” हे एकच पालुपद होते.

आता मला सांगा, ज्याला स्वतःचा डावा आणि उजवा पाय कळत नाही, तो वॉकीटॉकीचे बटण दाबून मदत मागणार आहे का? ज्या अवयवाने धोका ओळखायचा, तोच या आजारात आधी निकामी होतो. फुफ्फुसात पाणी होण्याचा प्रकारही तसाच दगाबाज. आधी कोरडा खोकला येतो, मग बसल्या जागी धाप लागते, आणि रात्रीतून माणूस हाताबाहेर जातो. उलट्या होणाऱ्या माणसाला एकटे ठेवून पुढे जाणे हा निष्काळजीपणा आहे आणि त्याला वर ‘मनाने कच्चा’ म्हणणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

गिर्यारोहणाचा इतिहास या लोकांना फक्त माथ्यावरच्या झेंड्यांपुरता ठाऊक असतो. १९५३ साली के-२ या जगातल्या दुसऱ्या सर्वांत उंच शिखरावर गेलेल्या अमेरिकी मोहिमेची गोष्ट त्यांनी जरूर वाचावी. सातेक हजार मीटरच्या वर वादळात अडकलेले असताना आर्ट गिल्की या साथीदाराच्या पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. त्याला खाली नेणे जवळजवळ अशक्य आहे हे मोहिमेचे नेते चार्ल्स ह्यूस्टन यांना दिसत होते, कारण ते स्वतः डॉक्टर होते. तरीही शिखराचा विचार सोडून सर्वांनी त्याला स्लीपिंग बॅगेत आणि तंबूच्या कापडात गुंडाळून दोराने उतरवायला घेतले. वाटेत एक जण घसरला, दोर एकमेकांत अडकले आणि पाच जण खाली ओढले गेले. पीट शोनिंग या एकट्या माणसाने बर्फात रोवलेल्या आइस अॅक्सच्या आधाराने ते सगळे वजन तोलून धरले. गिल्की वाचला नाही आणि शिखरही मिळाले नाही. पहिल्या चढाईचा मान पुढच्याच वर्षी इटालियन मोहिमेने घेतला. तरीही के-२ चा विषय निघाला की गिर्यारोहक या हरलेल्या मोहिमेबद्दल आजही आदराने बोलतात.

मान्य आहे, पैसे भरलेले असतात, रजा पुन्हा मिळत नाही आणि सहा जणांनी बांधलेले स्वप्न एकाच्या डोकेदुखीने मोडले तर वाईट वाटते. आम्हालाही वाटले. त्या रात्री आकाश निरभ्र होते, वारा पडलेला होता, माथा चांदण्यात स्पष्ट दिसत होता आणि मोसमातला तसा दिवस पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. उतरताना आमच्यातला एक जण सतत मागे वळून पाहत होता. त्याला कोणी काही बोलले नाही. शिखराची ओढ वाटण्यात गैर काहीच नाही.

त्रास किरकोळ असेल आणि शहाणा माणूस सोबतीला थांबत असेल, तर बाकीच्यांनी पुढे जाण्यालाही माझी हरकत नाही. ‘सोबतीला’ हे मात्र कृपया दोनदा वाचावे.

पाण्याखाली जाणाऱ्यांकडून आपण डोंगरवाल्यांनी थोडे शिकायला हवे. स्कूबा डायव्हिंगमध्ये माणसे जोडीने उतरतात आणि जोडीदाराने अंगठा वर केला की दोघांनीही वर यायचे असते. पाण्याखालच्या गुहांमध्ये शिरणाऱ्यांचा तर नियमच आहे, की कोणीही, कधीही, कोणतेही कारण न सांगता डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला नंतर जाबही विचारायचा नसतो. आमच्याकडे मात्र डोके दुखते हे सांगायलाही धीर गोळा करावा लागतो, कारण सांगितले की लगेच कोणीतरी पाठीवर थाप मारून ‘अरे चल, एवढ्याने काय होते’ म्हणते. आमच्या मित्राने ‘थोडेसे’ म्हटले होते ते याच भीतीने. हे त्याने नंतर खाली आल्यावर स्वतः सांगितले. आपल्यामुळे सगळ्यांचे शिखर हुकेल, हा विचार त्याला डोकेदुखीपेक्षा जास्त छळत होता. पुरेसे खाली उतरल्यावर त्याच्या शिव्या थांबल्या होत्या, पावले सरळ पडू लागली होती आणि त्याने पहिला प्रश्न विचारला होता, “आपण खाली का आलो?” वरच्या छावणीतले त्याला काहीच आठवत नव्हते.

हे लिहिता लिहिता माझा राग त्या पाच जणांवरून उतरून त्या सहाव्याकडे वळतो आहे, आणि तिथे गेल्यावर तो राग उरतच नाही. तो सुखरूप परतला, हे मी विचारून घेतले आहे. पण आपल्याच मित्रांनी लिहिलेले ते वाक्य त्यानेही वाचले असेल आणि कदाचित पुढच्या वेळी उलट्या झाल्या तर तो कोणाला सांगणारच नाही. मला खरी धास्ती याची आहे. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर एकाच वादळात आठ जण दगावले, त्यात ठरलेली परतीची वेळ टळून गेल्यावरही वर जात राहिलेली अनुभवी माणसे होती. त्याच मोसमात स्वीडनहून सायकलने आलेला योरान क्रॉप माथा शंभरेक मीटरवर असताना उशीर झाला म्हणून मागे फिरला आणि तीनच आठवड्यांनी पुन्हा जाऊन, बाटलीतल्या प्राणवायूशिवाय, माथ्यावर पोहोचला. त्याला मनाने कच्चा म्हणायची कोणाची छाती आहे?

आमचा गट पुढच्या मोसमात त्याच शिखराकडे पुन्हा निघतो आहे आणि तो दणकट मित्रही येतो आहे. दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी मेसेज करावा. अनुभव कमी असला तरी चालेल, तयारी करून घेऊ. मात्र रोज संध्याकाळी प्रत्येकाला डोके, पोट आणि झोप यांबद्दल खरे उत्तर द्यावे लागेल, आणि बर्फावर रेघ ओढून ‘चाल’ म्हटले की वाद न घालता चालावे लागेल.