सेलानेचे ७६ गोल कोणाचे?

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी १९९५ साली नऊ वर्षांची होती. त्या मे महिन्यात तिने आपला गल्ला फोडला, चिल्लर पिशवीत भरली आणि बाबांचा हात धरून कॅनडातल्या आमच्या विनिपेग शहरातल्या फोर्क्सवर गेली. रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्या मिळतात ती जागा. तिथे हजारोंची गर्दी होती आणि शहरातली किती तरी पोरं अशीच आपापले गल्ले घेऊन आली होती. विनिपेग जेट्स ही त्यांची आइस हॉकीची टीम विकली जाऊ नये म्हणून. अकरा डॉलर आणि काही सेंट होते, हे तिला अजून आठवतं.

टीम तरीही गेली. लोकांनी उभ्या केलेल्या पैशांमुळे फार तर एक हंगाम लांबला. २८ एप्रिल १९९६ ला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, डेट्रॉइटकडून ४-१ अशी हार झाली आणि जेट्सचं बिऱ्हाड अॅरिझोनातल्या फिनिक्सला, वाळवंटात हललं. कारणं पैशांचीच. एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये आणि विनिपेगच्या तिकीटबारीवर जमा होणार कॅनडियन डॉलर. तो त्या वेळी अमेरिकन डॉलरच्या पाऊण किमतीपेक्षाही खाली घसरला होता. शहर लहान, स्टेडियम जुनं. मालकाचा हिशेब मला समजतो. पण टीमसोबत शहराच्या आठवणीही विकल्या गेल्या, ते मला पटत नाही, आणि आज त्यासाठीच लिहायला बसलोय.

तेमू सेलाने हा फिनलंडचा पोरगा १९९२-९३ च्या हंगामात जेट्सकडून पहिल्यांदा एनएचएलमध्ये उतरला. पदार्पणाच्या हंगामात सर्वाधिक गोलांचा विक्रम तोवर माइक बॉसीचा होता, ५३. २ मार्च १९९३ ला सेलानेने चौपन्नावा गोल मारला, हातातला ग्लोव्ह वर भिरकावला आणि स्टिक बंदुकीसारखी धरून उडतं पाखरू टिपावं तसा त्यावर नेम धरला. जुन्या अरिनात ते पाहिलेले लोक आजही उभं राहून, हातवारे करून तो प्रसंग सांगतात. हंगाम संपला तेव्हा आकडा ७६ झाला होता. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

आणि हे ७६ गोल पुढे कितीतरी वर्षं कागदोपत्री अॅरिझोनाच्या क्लबच्या खात्यात होते! टीम विकली की तिचा इतिहासही नव्या गावाला जातो, असा लीगचा रिवाज. २०११ मध्ये अटलांटाची थ्रॅशर्स टीम विकत घेऊन इथे आणली गेली आणि तिला पुन्हा जेट्स हे नाव मिळालं. पण विक्रमांची वही आली ती अटलांटाची. त्या वहीप्रमाणे जेट्सचा एका हंगामातला सर्वाधिक गोलांचा विक्रम ५२, इल्या कोवालचूकच्या नावावर. कोवालचूक खेळाडू म्हणून थोरच, पण जेट्सची जर्सी त्याने एक दिवसही घातली नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलच्या टीम तालमींच्या नावाने आणि पेठांच्या जिवावर चालतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची टीम उतरली की मागे अख्खी पेठ असते. ती टीम उचलून कोणी दुसऱ्या गावाला नेईल, ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरणार नाही. व्यावसायिक लीगचं गणित वेगळं असतं, मान्य. तरी नाव, रंग आणि विक्रम शहराकडेच ठेवता येतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९६ साली क्लीव्हलंडची टीम बाल्टिमोरला गेली, तेव्हा ब्राउन्स हे नाव आणि सगळा इतिहास क्लीव्हलंडमध्येच राहिला. खेळाडू गेले, वही राहिली. एनएचएलनेही हाच नियम करावा, असं माझं ठाम मत आहे.

३१ मे २०११ ला टीम परत येणार हे जाहीर झालं, त्या संध्याकाळी मी इथल्या पोर्टेज आणि मेन या रस्त्यांच्या चौकात होतो. हॉकीतलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. अनोळखी माणसं गळ्यात पडत होती आणि पंधरा वर्षं कपाटात घडी घालून ठेवलेल्या जर्सी बाहेर आल्या होत्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जर्सीला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तेरा हजार सीझन तिकिटं, म्हणजे अख्ख्या हंगामाची तिकिटं, खपायला हवी होती, ती बघता बघता संपली. त्या रात्री मी या शहराचा झालो, असं मी मानतो.

पण त्याच रात्री अटलांटात कोणाच्या तरी घरी रडारड झाली असणार. त्या शहराने १९८० मध्ये फ्लेम्स टीम कॅलगरीला गमावली होती, २०११ मध्ये दुसरी आम्हाला दिली. आमचा आनंद त्यांच्या दुःखातून आला, हे इथे फार कोणी बोलत नाही. बोललं पाहिजे. कोवालचूकचे ते ५२ गोल अटलांटाच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले, ते त्यांना परत द्या. सेलानेचे आम्हाला द्या.

मधल्या काळात इथली सीझन तिकिटं घटून साडेनऊ हजारांच्या आसपास आली होती. हे फार काळ झेपणार नाही, असं २०२४ मध्ये खुद्द मालकांनीच बोलून दाखवलं. पोटात गोळा आला. महागाई आहे, घराचे हप्ते आहेत, सगळं खरं. तरी इथल्या मराठी मंडळींना सांगतो, वर्षातून दोन-तीन सामने तरी पोरांना घेऊन जा. प्लेऑफमध्ये अख्खं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत बसतं, १९८७ पासूनची रीत आहे. राष्ट्रगीतात ‘ट्रू नॉर्थ’ हे शब्द आले की सगळे एकदम ओरडतात, कारण टीम परत आणणाऱ्या कंपनीचं नाव तेच आहे. पोरं एका सामन्यात शिकतात.

४ मे २०२५ ला प्लेऑफमधल्या सेंट लुइसविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्याला मी त्या सहकारीसोबत होतो. तिचा मुलगा मध्ये बसला होता. अंगात सेलानेची तेरा नंबरची जर्सी, आईची, गुडघ्यापर्यंत येणारी. संपायला दोन सेकंदही उरले नव्हते तेव्हा आमच्या पर्फेटीने बरोबरी केली आणि दुसऱ्या जादा वेळेत लाउरीने सामना जिंकून दिला. आजूबाजूला आरडाओरडा चालू होता, आणि ही बाई मुलाला कवेत घेऊन खुर्चीत बसून हमसून हमसून रडत होती. मुलगा विचारत होता, ‘आई, आपण तर जिंकलो ना?’