व्यसनमुक्तीची शपथ झाली, आता नाश्त्याचं बघा

26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो. त्या सुमाराला कॉलेजाकॉलेजांत मुलांना ओळीत उभं करून शपथ दिली जाते, फोटो निघतात, अहवाल वर जातो. शपथेला माझा विरोध नाही. पण सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवताना, सकाळच्या सत्रातली मुलं वर्षानुवर्षं समोर बघताना माझं एक मत पक्कं होत गेलंय, ते आज सविस्तर लिहिते. मुलांचं मन ठिकाणावर राहावं आणि त्यांची तंबाखू सुटावी असं खरंच वाटत असेल, तर सुरुवात त्यांच्या सकाळच्या खाण्यापासून करावी लागेल.

आधी त्यांची सकाळ बघा. मंद्रूप, मोहोळ, वळसंगकडून पहिल्या एसटीनं येणारी मुलं पहाटे पाचला उठतात. घरात तेव्हा तवा तापलेला नसतो. कपभर चहा, फार तर दोन खारी, आणि पळत स्टँडवर. रूम करून राहणाऱ्यांचं त्याहून अवघड. दोन वेळचा डबा परवडत नाही म्हणून एकवेळचा लावायचा आणि तोच दोनदा खायचा. दोन चपात्या दुपारी, दोन रात्री, भाजी तोवर आंबूस झालेली. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे वडापाव, नाहीतर मॅगी, नाहीतर "आज भूकच नाही." घरून आणलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुरते तोवर निभतं. गावाकडून परत आलेल्या आठवड्यातलं पोरगं आणि महिनाअखेरीचं तेच पोरगं, वर्गात दोन वेगळी मुलं वाटतात. एक प्रश्न विचारतं, दुसरं भिंतीला टेकून बसतं.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो. आठवीनंतर मुलाच्या भुकेचं काय होतं, हे व्यवस्थेच्या दृष्टीनं त्याच्या घरच्यांनी बघायचं. आणि नेमक्या याच वयात मूल घर सोडतं, पैसे स्वतः मोजायला लागतं, आणि पहिली काटछाट जेवणात करतं. फी चुकवता येत नाही, रूमचं भाडं चुकवता येत नाही, मोबाइलचा रिचार्ज चुकवता येत नाही. नाश्ता चुकवता येतो. शिष्यवृत्तीचा हप्ता सहा-सहा महिने उशिरा आला तर तो उशीर पोटातून वसूल होतो.

आता तंबाखूकडे येते. दुसऱ्या वर्षातला एक मुलगा, हुशार, प्रॅक्टिकलचं जर्नल बघत राहावं इतकं सुबक. आकृतीतली प्रत्येक पेशी मन लावून काढलेली. एक दिवस सूक्ष्मदर्शकावर वाकला तेव्हा त्याचा खालचा ओठ फुगलेला दिसला आणि मावा ओळखायला मला वेळ लागला नाही. कच्ची सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळवून टपरीवर देतात, तोच. बाजूला घेऊन विचारलं. तो ओशाळला नाही, उद्धटपणाही केला नाही. म्हणाला, "मॅडम, मावा लावला की बारा-साडेबारापर्यंत काय लागत नाही ओ. भूक मरते. मग एकदमच जेवायचं." त्याला कोणी बिघडवलं नव्हतं, त्याला वाईट संगतही नव्हती. नाश्त्यापेक्षा मावा स्वस्त पडत होता आणि जास्त वेळ टिकत होता, एवढाच त्याचा हिशोब.

हिशोब चुकीचा नव्हता, हे मला जास्त लागलं. तंबाखूतलं निकोटीन भूक दाबतंच. पण त्याच मुलानं पुढं जे सांगितलं तिथं मात्र त्याची फसगत झाली होती. "टेन्शन कमी होतं," तो म्हणाला. टेन्शन कमी झाल्यासारखं वाटतं, पण त्याचं कारण वेगळं. निकोटीन साधारण दोन तासांत रक्तात निम्मं होतं. ते उतरायला लागलं की जीव कावराबावरा होतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढचा बार भरला की हे सगळं शमतं आणि मुलाला वाटतं, तंबाखूनं बरं केलं. त्यानं बरं केलेली अस्वस्थता त्याचीच आधीची देणगी असते. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात दिसले. तो आढावा सिगारेटचा होता, पण निकोटीन इथंही तेच आहे. ही गोष्ट आपण मुलांना का सांगत नाही? कॅन्सरचं चित्र पुडीवर रोज दिसतं. वीस वर्षांच्या मुलाला साठीतला कॅन्सर लांबचा वाटतो. तुझी आजची घालमेल ही पुडीच वाढवते आहे, हे त्याला आजच्या आज पटण्यासारखं आहे.

त्यात रिकामं पोट. रात्री अर्धपोटी झोपलेला मुलगा सकाळी फक्त दोन चमचे साखरेचा चहा घेतो. साखर झटकन चढते आणि काहींची तशीच झटकन उतरते. उतरताना शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, तळव्यांना घाम येतो. चहातलं कॅफीन आणि तंबाखूतलं निकोटीन, दोन्ही धडधड वाढवणारेच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उभ्या राहिलेल्या मुलाला यातलं काय परीक्षेच्या भीतीचं आणि काय पोटाचं, हे कसं कळणार? तो समजतो, मीच कमकुवत आहे, माझ्याच्यानं होणार नाही. या समजुतीतून कॉलेज सोडलेली मुलं मी पाहिली आहेत.

रात्रीची गोष्टही अशीच. अभ्यासिकेत बसणारी मुलं आता एनर्जी ड्रिंकचा कॅन घेऊन बसतात. भारतातल्या नियमांनी त्यात लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे 250 मिलिच्या कॅनमध्ये 75 मिलिग्रॅमपर्यंत. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात. अकराला प्यायलेलं पहाटे चारलाही अर्धं शिल्लक. मग झोप पातळ, सकाळ जड, सकाळी पुन्हा चहा आणि पुडी. शनिवारी कोणाच्या तरी रूमवर बिअर. दारूनं झोप लागते असं मुलं म्हणतात. लागते खरी, पण दारू उतरताना मध्यरात्रीनंतर ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी विनाकारण भीती वाटत राहते. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठीही किमान वय 21 आहे, हे इथं सांगून ठेवते, कारण बहुतेक पालकांनाही ते माहीत नसतं.

मुलींबद्दल लिहिताना मला हात आखडता घ्यावासा वाटत नाही, कारण त्यांच्याकडे या विषयात कोणी बघतच नाही. त्या पुड्या खात नाहीत, टपरीवर दिसत नाहीत, म्हणून त्या 'ठीक' धरल्या जातात. शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी प्रॅक्टिकलला उभ्या उभ्या खाली बसली. तिची आई विड्या वळते, आणि हीसुद्धा पहाटे उठून आईला हजारीचा भरणा, म्हणजे ठरलेल्या हजार विड्या, पुरा करायला मदत करून कॉलेजला यायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, कपड्यांना तोच वास. त्या वासावरून वर्गातल्या मुलींनी तिला लांब ठेवलेलं. ती कोणाशी बोलत नव्हती, हसत नव्हती, पुस्तक उघडं ठेवून नुसती बघत बसायची. स्टाफरूममध्ये एकमत होतं की हिला डिप्रेशन आहे, समुपदेशन करा. मी तिला सिव्हिलला घेऊन गेले. हिमोग्लोबिन साडेसात निघालं. आठच्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. एवढ्या कमी रक्तात कोणाचं लक्ष लागेल, कोणाला बोलावंसं वाटेल?

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, जेवणाबरोबर चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. भाजीवर लिंबू पिळ. काही महिन्यांनी ती बाकावरच्या शेजारणीशी बोलायला लागली. सगळं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. घरची ओढाताण तीच आहे, वळायच्या विड्या त्याच आहेत. पण तिचं दुःख आता तिला पेलतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. माझ्या वर्गातल्या मुलींकडे मी आता हा आकडा डोक्यात ठेवूनच बघते. शाकाहारी घरांतल्या, दूधदुभतंही फारसं न मिळणाऱ्या मुलांत बी-12 ची कमतरता असते, तीही थकवा, मुंग्या आणि उदासी घेऊन येते. ही साधी रक्ततपासणी आहे. प्रवेशाच्या वेळी का होऊ नये?

कोणी म्हणेल, मॅडम, तुम्ही सगळं पोटावर आणून ठेवता. तसं नाही. उदास माणसाची भूक आधी मरते, म्हणजे गाडी उलट्या दिशेनंही चालते. नैराश्य हा आजार आहे आणि पक्क्या आजाराला डॉक्टर आणि औषध लागतंच. भाकरी खाल्ली की बरं होईल असं सांगून कोणाचा उपचार लांबवणं हा गुन्हा समजते मी. मोबाइलवर फिरणारं 'आनंद पोटात तयार होतो' हेही अर्धवट आहे. आतड्यात सेरोटोनिन भरपूर बनतं, पण ते मेंदूत पोचत नाही. तरीही खाण्याचा मनाशी संबंध नाही असं म्हणता येणार नाही. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्या 67 प्रौढांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञाची मदत दिली: डाळी, भाज्या, फळं, अखंड धान्य, मासे जास्त आणि गोड-तळलेलं कमी. उरलेल्या निम्म्यांना फक्त गप्पांची सोबत. आहारवाल्या गटातल्या 32 टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्या गटातल्या 8 टक्के. प्रयोग लहान आहे, त्यातले बरेच जण औषधंही घेत होते. मी त्यावर किल्ला बांधत नाही. पण ज्या खाण्यानं तिथं फरक पडला त्याच प्रकारचं डाळ, पालेभाजी, ज्वारी, शेंगदाणे हे आपल्या जिल्ह्याच्या मातीतलं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि मंगळवेढ्याहून शिकायला आलेलं पोरगं सोलापुरात मैद्याच्या पावावर जगतंय.

मोठ्या नशांची भीती मलाही आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना पकडला, तेव्हा शहर हादरलं होतं. गांजाबद्दल तर स्पष्टच सांगते: कोवळ्या वयात सतत ओढला तर काहींना भास-संशयाचा आजार जडतो, आणि घरात कोणाला तसा आजार असेल तर धोका आणखी मोठा. पण त्या वाटेला लागलेली मुलं तिथं थेट पोचत नाहीत. आधी झोप जाते, जेवण जातं, मित्र जातात. त्या आधीच्या टप्प्यावर त्यांना गाठायला आपण कुठं असतो? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा कायदा 2003 चा. आपापल्या कॉलेजच्या फाटकात उभं राहून डावीकडे-उजवीकडे बघा.

आता मागणी. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 साली झालं तेच एका जिल्ह्यासाठी. एवढ्या आटोपशीर विद्यापीठाला जे जमेल ते पाच-पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठांना जमणार नाही. तामिळनाडूनं 2022 मध्ये प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला. आपण कॉलेजांत करून दाखवू. सकाळच्या सत्रात साडेनऊला वीस मिनिटांची सुट्टी वेळापत्रकातच बसवा, आत्ता ती दहा मिनिटांची असते आणि टपरीपर्यंत जाऊन यायलाच पुरते. त्या वेळात सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा), मोडाची उसळ, भाकरी-शेंगाचटणी, ज्याला चालतं त्याला उकडलेलं अंडं, ऋतूत पेरू किंवा केळ. बनवायला बचत गटाच्या बायका आहेत, त्यांच्या हाताची चव आपल्याला ठाऊक आहे. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचा हा जिल्हा, अक्कलकोटच्या अन्नछत्राचा हा जिल्हा. इथं शिकणाऱ्या मुलाला अन्न द्यायला पैसा नाही हे मला कोणी सांगू नये.

त्याच्या जोडीला माणूस हवा. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. हे काम ज्या शिक्षकाचा तास कमी आहे त्याच्या गळ्यात घालू नका. 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त, 1,764, आपल्या महाराष्ट्रातली मुलं होती. यातल्या कोणाला काय झालं होतं हे आकडा सांगत नाही. पण प्रत्येकाच्या आसपास एखादा वर्ग, एखादी मेस, एखादा रूम पार्टनर होता.

वाचणाऱ्या मुलांसाठी: मन फार जड झालं, जगणं नको वाटलं तर 14416 लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडायची असेल तर 1800-11-2356. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होईल, भूक वाढेल. त्या दिवसांत खिशात भाजके शेंगदाणे ठेवा आणि पोटभर जेवा. एकदा घसरलात तर पुन्हा फोन करा, कोणी ओरडत नाही.

प्राचार्यांकडे लेखी प्रस्ताव मी या सत्राच्या सुरुवातीला देणार आहे, आधी एका विभागापुरता, खर्चाच्या आकड्यांसकट. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना महिन्याला एका मुलाच्या नाश्त्याचा खर्च उचलता येईल त्यांनी मला वैयक्तिक कळवा. देणाऱ्याचं नाव लावलं जाणार नाही. तो नाश्ता कोणत्या मुलाला मिळाला हेही कळणार नाही, कारण रांग सगळ्यांची एकच असेल, आणि तिथं कोणाकडे दाखला मागितला जाणार नाही.