नकाशा नीट दिसत नाही म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलू नका

इंदूरमधल्या मराठी ड्राफ्ट्समन मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळं कोनदार दिसली, तुटक रेषा अखंड दिसल्या, हॅच (भिंतीत वगैरे भरलेला रेषांचा नमुना) बिघडला किंवा अक्षरं कळेनाशी झाली, की कॉम्प्युटरचं चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड कमजोर आहे असं समजा. नवं कार्ड टाका, ऑटोकॅड काढून पुन्हा टाका, आणि तरीही जमलं नाही तर सगळं ड्रॉइंग एक्सप्लोड करा, म्हणजे जोडलेल्या वस्तू फोडून सुट्या करा. सुदामानगरात, रामबागेत घरातल्याच एका खोलीत कॉम्प्युटर मांडून नकाशे करणारी आपली कितीतरी मुलं आहेत. त्यांच्यापैकी कुणी या सल्ल्यावर विसंबून कष्टाचे पैसे कार्डात घालू नयेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वर्तुळं कोनदार दिसतात ती कार्ड गेल्यामुळे नव्हे. झूम भराभर व्हावं म्हणून ऑटोकॅड वर्तुळ लहान लहान सरळ तुकड्यांनी दाखवतं. चित्र नव्यानं आखणारी रीजेन ही कमांड द्या, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर व्ह्यूरेसचा, म्हणजे वर्तुळ किती बारकाईनं दाखवायचं याचा, आकडा बघा. तो मुळात 1000 असतो आणि 20000 पर्यंत वाढवता येतो. गोल जिना स्क्रीनवर अष्टकोनी दिसला तरी फाइलमध्ये तो गोलच असतो.

तुटक रेषा अखंड दिसतात यामागे तर साधं गणित आहे. मेट्रिक फाइलमधल्या डॅश्ड रेषेचा एक तुकडा 12.7 मिलिमीटरचा आणि मधली फट 6.35 ची. एलटीस्केल, म्हणजे तुटक रेषांचं स्केल, 1 ठेवून मॉडेलमधून (जिथे नकाशा खऱ्या मापात काढतो तिथून) 1:100 ला प्लॉट, म्हणजे प्रिंट, काढलात, तर कागदावर तो तुकडा 0.127 मिलिमीटरचा होतो. तो डोळ्याला वेगळा कसा दिसणार? वरच्या बीमची किंवा छज्ज्याची रेषा सलग दिसली की साइटवरचा मिस्त्री तिला भिंत समजू शकतो, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. मॉडेलमधूनच प्लॉट काढत असाल तर एलटीस्केल 50 ते 100 च्या आसपास न्या. लेआउटमधून, म्हणजे कागदाच्या मांडणीतून, काढत असाल तर एलटीस्केल आणि पीएसएलटीस्केल (लेआउटमध्ये तुटक रेषा व्ह्यूपोर्टच्या स्केलनुसार दाखवणारी सेटिंग) दोन्ही 1 ठेवा, आणि व्ह्यूपोर्टचं, म्हणजे कागदावरच्या नकाशाच्या चौकटीचं, स्केल बदललंत की रीजेनऑल द्या. ऑटोकॅड पुन्हा टाकून यातलं काहीच बदलत नाही, कारण एलटीस्केल आणि पीएसएलटीस्केलचे आकडे ड्रॉइंगच्या फाइलमध्येच साठवलेले असतात.

हॅच अजिबात दिसत नसेल तर आधी फिलमोड हा भराव दाखवायचा पर्याय 0 झालाय का बघा. तो 1 करून रीजेन दिलं की हॅच परत येतो. उलट 230 मिलिमीटरची भिंत हॅच केल्यावर नुसती काळी दिसत असेल, तर बहुधा फाइल इंचांच्या टेम्प्लेटवरून सुरू झालेली असते. अ‍ॅन्सी31 या नेहमीच्या तिरप्या हॅचमधलं अंतर मेट्रिक नमुन्यात 3.175 असतं आणि इंचांच्या नमुन्यात 0.125. म्हणजे रेषा 25.4 पट दाट. मेझरमेंट ही सेटिंग 1 (मेट्रिक) करा आणि तो हॅच नव्यानं भरा. जुना आपोआप सुधारत नाही.

आता या मेसेजमुळे सर्वांत जास्त फसवणूक जिथे होते तो प्रकार. सर्व्हेयरकडून जमिनीच्या प्लॉटची फाइल येते, तिच्यावर आपण घर काढतो, आणि मग रेषा थरथरतात, हॅच फाटल्यासारखा दिसतो, पॅन केलं की भिंती जागा सोडतात. हे पाहून कार्डावरच संशय जातो. पण त्या फाइलचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे जागा सांगणारे आकडे, एकदा वाचा. सर्व्हे यूटीएममध्ये (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत) असेल तर इंदूर 43 व्या झोनमध्ये येतं आणि इथलं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर, 25 लाख मीटरच्या वर जातं. आपण मिलिमीटरमध्ये काम करायचं म्हणून ती फाइल हजारपट केली, की घर मूळ बिंदूपासून अडीचशे कोटी एककांवर जाऊन बसतं. ऑटोकॅड फाइलमध्ये 15-16 अंकांपर्यंत अचूक आकडा ठेवतं. ग्राफिक्स कार्डांचं नेहमीचं गणित मात्र साधारण 7 अंकांचं असतं, आणि अडीचशे कोटींच्या घरात त्या गणिताला लागोपाठचे दोन आकडे 256 च्या फरकानंच मांडता येतात. 256 मिलिमीटर म्हणजे आपल्या नऊ इंची भिंतीपेक्षा जास्त! महागडं कार्ड आणलंत तरी हे गणित तेच राहतं.

उपाय फुकट आहे. सर्व्हेची मूळ फाइल जपून ठेवा. तिच्या कॉपीत सगळे लेयर (नकाशाचे थर) थॉ, म्हणजे गोठवलेले मोकळे, आणि अनलॉक करा, नाहीतर काही वस्तू मागेच राहतील. मग प्लॉटचा एक कोपरा निवडा, त्याचे कोऑर्डिनेट्स ड्रॉइंगवर लिहून ठेवा आणि त्या कोपऱ्यावरून सगळं उचलून 0,0 ला आणा. फाइल हलवता येत नसेल तर निदान हॅचचा ओरिजिन, म्हणजे सुरुवातीचा बिंदू, भिंतीच्या कोपऱ्यावर घ्या. फाटलेला हॅच बऱ्याचदा तेवढ्यानं जुळतो.

अक्षरांचं म्हणाल तर आपल्याकडच्या जुन्या हिंदी नकाशांत कृतिदेव फॉन्ट सर्रास सापडतो. तो युनिकोड नाही. त्यात लिहिलेलं ‘कमरा’ फाइलमध्ये डी, ई, जे, के या इंग्रजी अक्षरांच्या रूपात असतं, आणि ज्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नाही तिथे तेच दिसतं. हा व्हायरस नव्हे. फॉन्ट टाका, किंवा फाइल पाठवणाऱ्याला ई-ट्रान्समिटमधून फॉन्टसकट पाठवायला सांगा. देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टेक्स्ट स्टाइलला एसएचएक्स प्रकारचा ऑटोकॅडचा फॉन्ट लावलेला असतो. त्याजागी मंगल किंवा निर्मला यूआय लावा. आणि अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी दिसल्या तर क्यूटेक्स्ट चालू आहे. तो बंद करून रीजेन द्या.

एक्सप्लोडचा सल्ला मात्र कुणीही मानू नये, हे मी कळकळीनं सांगतो. एक्सप्लोड केलं की हॅचच्या सुट्या रेषा होतात, बंद पॉलिलाइनचे (एकसंध जोडरेषेचे) तुकडे पडतात, आणि दार-खिडक्यांच्या ब्लॉकमधल्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये भरलेली माहिती जाऊन नुसती टॅगची नावं उरतात. मध्य प्रदेशात नकाशा मंजुरीची एबीपास ही ऑनलाइन यंत्रणा थेट कॅड फाइल वाचते. ठरलेल्या लेयरवरच्या बंद पॉलिलाइन मोडल्यात, तर क्षेत्रफळ मोजायचं कशावरून? स्क्रीनवरचं दुखणं घालवायला जाऊन तुम्ही ड्रॉइंगच मोडून ठेवता.

कार्ड कधीच दोषी नसतं असं मी म्हणत नाही. कर्सरमागे रेघा उमटत राहणं, स्क्रीनचा तुकडा काळा पडणं, वस्तू निवडताना चित्र लुकलुकणं ही कार्डाची किंवा त्याच्या ड्रायव्हरची लक्षणं असू शकतात. ते तपासायला ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड देऊन हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन, म्हणजे कार्डाकडून चित्र काढून घेणं, बंद करा. त्रास थांबला तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर नवा घ्या आणि अ‍ॅक्सेलरेशन पुन्हा चालू करून बघा. त्रास तसाच राहिला तर फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ओळखीच्या ऑफिसात उघडा. तिथेही तेच दिसलं तर कार्डाचे पैसे खिशातच ठेवा आणि फाइल तपासा.