स्रोत : टीम ॲनालिसिस

आज सकाळी भाचीचा फोन आला. एका कन्सल्टिंग कंपनीत, म्हणजे इतर कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपनीत, नोकरीसाठी तिच्या मुलाखती चालू होत्या. "मावशी, शेवटच्या राउंडला गेलं." रडत नव्हती, म्हणून मला जास्तच लागलं. चार महिने पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत केसेस, म्हणजे अशा मुलाखतीत घालतात ती धंद्यातली कोडी, सोडवत होती. कंपनीने तयारीसाठी नेमून दिलेल्या बडीबरोबर, हॉस्टेलच्या मैत्रिणींबरोबर, रविवारी फोनवर माझ्याबरोबर. नफा का घसरला, नवा कारखाना टाकावा का, देशात वर्षाला गोल्फचे किती चेंडू खपतात. कराडच्या पोरीने गोल्फचं मैदान टीव्हीवरच पाहिलेलं, तरी लोकसंख्येपासून सुरुवात करून तिने आकड्यापर्यंत आणून दाखवलं. आणि निरोप काय आला? 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स कमी पडला.' म्हणजे मोठ्या लोकांपुढे छाप पडत नाही.

याचा खरा अर्थ मी सांगते. अशाच एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत मी सहा वर्षं काढली आहेत, शेवटची दोन वर्षं टेबलापलीकडे बसून मुलाखतीही घेतल्या आहेत. अर्थ हा, की तिच्या इंग्रजीत कराड ऐकू आलं. आणि एका प्रश्नाला ती म्हणाली, "या धंद्यातलं मला माहीत नाही, तिथल्या माणसांना विचारावं लागेल."

अहो, विचारण्यावरच तर आमचा सगळा धंदा उभा आहे!

2014 साली मी चाकणच्या एका कारखान्यात प्रोजेक्टवर होते. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, डाय (साचा) बदलायला फार वेळ जात होता, तो का जातो हे शोधायचं होतं. मी सत्तावीस वर्षांची, हातात स्टॉपवॉच, पायात कंपनीने दिलेले दोन नंबर मोठे सेफ्टी शूज. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत तिथले सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, मला म्हणाले, "मॅडम, डाय बदलायला वेळ लागत नाही. क्रेन मिळायला लागतो." दोन लायनींना मिळून एकच क्रेन. एक लायन बंद पडली की दुसरीवरचं काम उरकेपर्यंत माणसं नुसती उभी.

संपलं. उत्तर मिळालं. पण आम्ही सहा आठवडे मोजमाप केलं आणि स्लाइडवर लिहिलं, 'मुख्य अडसर : क्रेनची उपलब्धता'. खाली बारीक अक्षरात, नेहमीप्रमाणे, 'स्रोत : टीम ॲनालिसिस'. ती ओळ मी स्वतः टाइप केली. बोर्डरूममध्ये आमच्या पार्टनरने, म्हणजे आमच्या कंपनीतल्या वरिष्ठाने, ती स्लाइड अशी मांडली, की साहेब लोकांनी माना डोलावल्या. मामा तेव्हा खाली शॉपवर होते.

आता कोणीतरी म्हणेल, मोजल्याशिवाय मालक ऐकत नाही. मान्य आहे, मामांनी तीच गोष्ट वर्षभर सांगितली असती तरी क्रेन आली नसती. पण मग मोजा आणि मामांचं नाव लिहा ना! कोणी अडवलं होतं?

आणि प्रेझेन्सचं कौतुक मला तरी सांगू नका. एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे प्रमुख झालेले जेफ्री स्किलिंग मॅकिन्झी या बड्या कन्सल्टिंग कंपनीतूनच तिकडे गेले होते. प्रेझेन्स भरपूर होता. 2001 मध्ये कंपनी बुडाली, 2006 मध्ये कोर्टाने त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. एनरॉनचा हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या कंपनीला 2000 या एका वर्षात एनरॉनकडून ऑडिटचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्ल्याचे त्याहून जास्त, 2 कोटी 70 लाख. दाभोळकडच्या माणसांना, तिथल्या वीज प्रकल्पामुळे, एनरॉन हे नाव वेगळं सांगावं लागत नाही. खोलीत कसं बोलावं हे त्या सगळ्यांना उत्तम येत होतं.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. खरं सांगायचं तर माझं कोथरूडचं घर त्याच पगारावर झालं, आणि गुंता सोडवायचा कसा हेही मी तिथेच शिकले. ताई मात्र म्हणाली, "बरं झालं नाही मिळाली. पुण्यातली ती 26 वर्षांची सीए मुलगी आठवते ना, 2024 ची? नोकरीला लागून चार महिन्यांत गेली." कामाच्या ताणाने मुलगी गेली असं लिहिलेलं तिच्या आईचं पत्र आम्ही दोघींनी तेव्हा वाचलं होतं. ताईला काय बोलणार? मीही रात्री दीड वाजता टॅक्सीत बसून स्लाइडचे रंग दुरुस्त केले आहेत.

पण भाचीला ती नोकरी हवी होती, आणि तिची लायकी होती. 'विचारावं लागेल' म्हणणारी मुलगी मी मुलाखत घेत असते तर घेतली असती, असं मी तिला फोनवर म्हणाले. मग गप्प बसले. कारण त्या दोन वर्षांत त्याच फॉर्मवर 'प्रेझेन्स' या रकान्यात मीही पाचपैकी दोन गुण दिले आहेत. कोणाला, ते चेहरेसुद्धा आठवत नाहीत.

तिचं मन रमवायला मी मामांची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, त्यांचं नाव काय होतं?"

मला सांगता येईना. सहा आठवडे रोज त्यांच्याबरोबर चहा प्याले आणि आडनावसुद्धा विचारलं नाही.

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये तेव्हा काम केलेलं कोणी हे वाचत असेल तर ऐका. मामा राजगुरुनगरच्या बाजूचे होते. चहाला घरून स्टीलचा पेला आणायचे, डाव्या कानात कायम कापूस असायचा. निवृत्तीला तेव्हा दोन-तीन वर्षं उरली होती. ओळखत असाल तर आधी त्यांना विचारा, आणि ते हो म्हणाले तर मला इनबॉक्समध्ये कळवा.