एक तृतीयांश स्वीडनचा ‘मालक’: बू यॉन्सन ग्रिपविषयीचा गैरसमज

मध्ययुगीन स्वीडनबद्दल एक दावा वारंवार वाचायला मिळतो: बू यॉन्सन ग्रिप या उमरावाच्या मालकीचा एक तृतीयांश स्वीडन व संपूर्ण फिनलंड होता, तेथील शेतकरी त्याचे भूदास होते, आणि आजच्या स्वीडिश सरदारघराण्यांच्या पदव्या त्याच काळापासून चालत आल्या आहेत.

पहिला मुद्दा मालकीचा. १३६४ मध्ये उमरावांनीच उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्गच्या आल्ब्रेख्तला स्वीडनच्या गादीवर बसवले, आणि १३७१ मध्ये त्याला किल्ले व बराचसा कारभार राजपरिषदेच्या हाती सोपवावा लागला. पैशाच्या कायम ओढीत असलेल्या या राजाने किल्ले आणि त्यांना जोडलेले महसुली प्रदेश कर्जापोटी तारण दिले. फिनलंडही ग्रिपकडे आले ते असेच. ग्रिप त्या काळचा सर्वांत मोठा खासगी जमीनदार होता, हे निर्विवाद आहे. परंतु ‘एक तृतीयांश देश’ हा आकडा ज्या प्रदेशांवरून काढला जातो, ते बहुतांशी त्याच्याकडे गहाण होते. गहाण ठेवलेल्या प्रदेशाचा महसूल घेणे वेगळे आणि त्याचा मालक असणे वेगळे, हा भेद मराठी वाचकाला तरी समजावून सांगावा लागू नये. आपण ज्यावरून ‘सरंजामशाही’ हा शब्द घडवला, तो सरंजामसुद्धा मुळात सैन्य बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूलच होता.

हा भेद किती महत्त्वाचा होता, ते ग्रिपच्या मृत्यूनंतर दिसले. १३८६ मध्ये तो वारला, तेव्हा मृत्युपत्राने ही सारी तारणे काही निवडक उमरावांच्या व बिशपांच्या हाती सोपवलेली होती. आल्ब्रेख्तने त्यांवर हक्क सांगताच हे विश्वस्त डेन्मार्कच्या राणी मार्गारेटकडे वळले, आणि १३८९ मध्ये फालशॉपिंगजवळच्या लढाईत राजा कैद झाला. पुढे १३९६ मध्ये मार्गारेटने, उमरावांच्या पाठिंब्यावर सत्तेत येऊनही, आल्ब्रेख्तच्या काळात राजसत्तेच्या हातून गेलेल्या जमिनी परत घेण्याचा निर्णय करवून घेतला.

भूदासांविषयीचे विधान मात्र निखालस चुकीचे आहे. स्वीडनमध्ये भूदासपद्धती कधी रुजलीच नाही, आणि मध्ययुगाच्या अखेरीस देशातील सुमारे निम्मी शेती स्वतः कसणाऱ्या करदात्या शेतकऱ्यांच्या मालकीची होती, तर उमरावांकडे साधारण पाचवा हिस्सा होता. उमरावांची कुळे खंड भरत व वेठही करत. तरीही ती कायद्याने मुक्त होती. उमरावाचा दर्जाही आधी सेवेशी बांधलेला होता: १२८० च्या सुमारास मॅग्नुस लादुलोस राजाने घोडा व शस्त्रांनिशी लढणाऱ्यास करमाफी दिली, आणि ‘फ्रेल्से’ हा वर्ग त्यातून उभा राहिला.

पदव्यांचे उत्तर थोडक्यात देता येते: वंशपरंपरागत काउंट व बॅरन ही बिरुदे स्वीडनमध्ये १५६१ मध्ये, एरिक चौदाव्याच्या राज्याभिषेकाच्या वेळी आली.

वारसा शोधायचाच असेल, तर तो चौदाव्या शतकाच्या मध्यावर मॅग्नुस एरिक्सन राजाच्या काळात झालेल्या देशव्यापी कायद्यात शोधावा. राजा निवडला जावा, त्याने परिषदेच्या सल्ल्याने राज्य करावे आणि परकीयांना परिषदेत घेऊ नये, असे त्यात लिहिले होते. आल्ब्रेख्तने आणलेल्या जर्मन माणसांविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमरावांना हाच कायदा आधाराला मिळाला.