दोन स्टारच्या रिव्ह्यूला मालकाकडून उत्तर (जरा लांब झालंय)

ताई नमस्कार. मी दुकानाचा मालक स्वतः लिहितोय, स्टाफकडून "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" टाइप काही चिकटवायचं नव्हतं म्हणून दोन दिवस उशीर झाला. तुमचा रिव्ह्यू तीनदा वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, ताईंनी जुलैअखेर मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडून ८८ हजाराचा गेमिंग लॅपटॉप घेतला, पोरगं पुण्याला गेलं, गणपतीला घरी आलं तेव्हा म्हणालं खांदा दुखतो. ताईंचं म्हणणं असं की मालकाने दगड गळ्यात मारला, बॅटरी चार-पाच तास सांगितली ती दीड तासात संपते, पंखा गिरणीसारखा वाजतो, मैत्रिणीच्या मुलाकडे हेच ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारा भाग) असलेला दीड किलोचा लॅपटॉप आहे, आणि वर हाच लॅपटॉप ऑनलाइन सहा हजाराने स्वस्त मिळत होता.

आधी माझं चुकलं ते सांगतो. मी पोराला विचारलं कुठल्या गेम खेळतोस, एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) किती पाहिजे, स्क्रीन १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा बदलणारी) पाहिजे का, सगळं विचारलं, पण कॉलेजला कसा जाणार हे नाही विचारलं. कात्रजला खोली घेऊन रोज पीएमटी बसने शिवाजीनगरला उभ्याने जाणार हे तुमच्या रिव्ह्यूमधूनच कळलं मला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे, कॅप राउंडचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पण ते काय कारण होत नाही. वीस वर्षं धंदा करतोय, हा प्रश्न पहिला यायला पाहिजे होता.

तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर आम्ही कुरियरच्या पार्सलचा काटा आहे ना काउंटरच्या मागे, त्यावर तेच मॉडेल ठेवलं. लॅपटॉप २ किलो ३०० ग्रॅम. अडॅप्टर वायरीसकट ६९० ग्रॅम. म्हणजे तीन किलो झालेच, त्यात पाण्याची बाटली, वह्या, डबा. बॉक्सवर नुसतं लॅपटॉपचं वजन छापतात, अडॅप्टरचं कोण सांगत नाही, मी पण नाही सांगितलं. आता ती चिठ्ठी प्रत्येक डेमो पीसवर चिकटवलीय, "अडॅप्टरसकट इतके किलो" म्हणून. हे तुमच्यामुळे झालं.

आता मैत्रिणीच्या मुलाचा लॅपटॉप. इथे मात्र मी गप बसणार नाही, कारण हा घोळ रोज दहा गिऱ्हाइकांच्या डोक्यात असतो. दोन्हीवर आरटीएक्स ४०६० हेच कार्डाचं नाव लिहिलंय, बरोबर आहे, खोटं कोण बोलत नाही. पण लॅपटॉपमधलं ४०६० म्हणजे एकच वस्तू नाही ओ. ते बनवणाऱ्या खुद्द एनव्हिडियानेच त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक दिलीय, लॅपटॉपच्या कंपनीने आपल्या मशिनच्या जाडीप्रमाणे ठरवायचं कितीवर चालवायचं. आपल्याकडे शेतात कसं, पाच एचपीची मोटर बसवली पण लाइटला दाबच नसला तर पाणी वरच्या वाफ्यापर्यंत चढतं का? मोटर पाचचीच असते, पाणी तेवढं येत नाही. तसंच आहे हे. तुमच्या पोराचं कार्ड पूर्ण वॅट घेतं. दीड किलोच्या पातळ मशिनला तेवढी उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते म्हणून तेच कार्ड कमी वॅटवर बांधून ठेवलेलं असतं. पूर्वी असल्या कमी ताकदीच्या कार्डाच्या नावापुढे मॅक्स-क्यू असं लिहून यायचं, ते २०२१ च्या सुमारास ३० सिरीज आली तेव्हापासून नावातून गेलं, आता बारीक अक्षरात वॅट शोधायला लागतात. कुणाला आपल्या मशिनचं बघायचं असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जा, तिथे मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा असतो.

बरं तो पातळ लॅपटॉप वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही मी, उलट लई भारी मशिन असतात ती, बॉडी धातूची, स्क्रीन सुंदर, बॅटरी मोठी. पण त्याची किंमत विचारा मैत्रिणीला. आमच्याकडे त्या जातीचं मशिन ४०६० मध्ये सव्वा लाखाच्या खाली येत नाही. आणि बऱ्याच पातळ मशिनात रॅम (मशिनची कामाची मेमरी) बोर्डावरच सोल्डर करून पक्की बसवलेली असते, तिसऱ्या वर्षी वाढवायची म्हटलं तर वाढत नाही, घेतानाच जास्तीची घ्यायची नाहीतर बसा. तुम्ही दुकानात आला तेव्हा पहिलं वाक्य होतं नव्वदच्या वर एक रुपया नाही. त्यात पूर्ण ताकदीचं कार्ड बसवायचं म्हणजे दोन जाड पंखे, तांब्याच्या पाइपा, प्लास्टिकची जाड बॉडी, हे आलंच. नव्वदमध्ये हलकं पाहिजे म्हणाला असता तर मी कार्डच खालचं सुचवलं असतं, ४०५० चं, ६ जीबीचं, थोडं वजन कमी. तो पर्याय मी समोर ठेवला नाही कारण पोराची नजर ४०६० वरून हलत नव्हती आणि मीपण विक्रेता आहे शेवटी.

बॅटरीचं. आमच्या काउंटरवरच्या मुलाने "चार-पाच तास आरामात" सांगितलं हे खरं आहे, त्याला विचारलं, त्याने कबूल केलं. ते वाक्य अर्धवट होतं. वर्गात नोट्स काढणं, पीडीएफ, थोडं कोडिंग, ब्राइटनेस निम्म्यावर, तर चारच्या आसपास मिळतात. गेम लावली तर तासभर, आणि बॅटरीवर गेम नीट चालतपण नाही कारण चार्जर काढला की मशिन स्वतःच कार्डाचे वॅट पाडतं. हा हिशोब कुठल्याही कंपनीचा घ्या तसाच आहे, ६० वॅट-अवरची बॅटरी आणि मशिन ६० वॅट खायला लागलं तर एक तासात खेळ खलास, ह्यात जादू काही नाही.

पण वर्गातसुद्धा दीड तास हे मला पटेना, म्हणून परवा पोराला फोन केला (नंबर बिलावर होता, रागावू नका). बोलता बोलता कळलं की त्याने कुठलातरी व्हिडिओ बघून मशिन डिस्क्रीट मोडवर टाकलंय. म्हणजे काय, तर आत दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं साधं, एक ते मोठं कार्ड. हायब्रिड मोडला वर्गात साधंच चालतं आणि मोठं झोपून राहतं. डिस्क्रीटला मोठं कार्ड कायम जागं, तुम्ही नुसती पीडीएफ उघडली तरी. गेममध्ये थोडे एफपीएस जास्त मिळतात म्हणून पोरं हे करतात आणि मग बॅटरीच्या नावाने बोंब. फोनवरच बदलायला लावलं, रिस्टार्ट केलं, स्क्रीन पण बॅटरीवर असताना ६० हर्ट्झला आणायला सांगितली. काल त्याचा मेसेज आला, दोन लेक्चर आणि एक प्रॅक्टिकल होऊन ४१ टक्के शिल्लक.

पंख्याचं म्हणाल तर तुम्ही रिव्ह्यूबरोबर फोटो टाकलाय तो झूम करून बघा एकदा. लॅपटॉप गादीवर आहे आणि मागच्या बाजूला चादर वर आलीय. ताई त्याची हवा खालून आत जाते आणि मागून बाहेर पडते, गादीवर ठेवला म्हणजे नाक दाबलं त्याचं, मग पंखा बोंबलणारच. टेबल नसेल तर एक लाकडी पाट मिळतो ना घरी, जेवायला बसायचा, तो दिला तरी चालतो, हजार रुपयाचा कूलिंग पॅड आत्ता घेऊ नका, माझ्याकडूनसुद्धा नाही. बाकी टर्बो म्हणजे पूर्ण ताकदीच्या मोडला आवाज येणार, तो जाणार नाही, रात्री रूममेट झोपला असेल तर सायलेंट मोडवर टाकायचा आणि एफपीएस कमी झाले म्हणून रडायचं नाही.

सहा हजाराचा विषय. तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट बघितला. नाव तेच, पण मॉडेल नंबरची शेवटची अक्षरं वेगळी आहेत. त्यात रॅम ८ जीबीची एकच पट्टी आहे, आपल्याकडे ८ अधिक ८ अशा दोन आहेत, एकच पट्टी असली की गेममध्ये फ्रेम पडतात हे पोरालाही माहीत असेल. आणि त्याची स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीवाली आहे, म्हणजे रंग धुतल्यासारखे दिसतात, तुमची १०० टक्के एसआरजीबी आहे, म्हणजे रंग भरलेले दिसतात. त्याउप्पर स्क्रीनशॉटमधला आकडा बँकेची कार्ड ऑफर धरून आहे. पण खोटं नाही बोलत, सेलच्या दिवसात ऑनलाइनला खरोखर असे भाव येतात की आम्हाला डिस्ट्रिब्युटरकडून त्या भावात माल मिळत नाही, तेव्हा मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो तिकडून घ्या. तुमच्या केसमध्ये तसं नव्हतं.

अजून एक सांगायचंय आणि हे सांगू का नको असा विचार करत होतो. तुम्ही लिहिलंय की "इंजिनिअरिंगला लागतो म्हणून एवढा महाग घेतला". कॉम्प्युटर ब्रँचला पहिल्या वर्षी सी, पायथन, थोडं वेब, ह्याला ४५-५० हजाराचा दीड किलोच्या आसपासचा साधा लॅपटॉप चालतो, ग्राफिक्स कार्डची गरजच नाही. हे मला त्या दिवशी माहीत होतं. तुम्ही विचारलं होतं, "हे कार्ड अभ्यासाला लागतंच ना हो?" आणि पोरगं तुमच्या मागे उभं राहून माझ्याकडे असं बघत होतं की मी "पुढे लागतं" म्हणून मोकळा झालो. पुढे लागू शकतं, मशीन लर्निंग वगैरे केलं तर उपयोग होतो, पण ते उत्तर तुमच्या प्रश्नाचं नव्हतं. पोराला काही बोलू नका, बारावी आणि सीईटीचं वर्ष काढलंय त्याने, गेम खेळायची इच्छा असणार. बोलायचं तर मला बोला.

बदलून द्या असं तुम्ही म्हणता ते आता कंपनी करत नाही, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होऊन दोन महिने होत आले. मी वापरलेला म्हणून परत घेऊ शकतो, पण बाजारभावाने तुमचे पंधरा-वीस हजार जातील आणि पातळ मशिन घ्यायला वरून चाळीस घालावे लागतील. ते मी माझ्या बहिणीला करायला सांगणार नाही. त्यापेक्षा असं करू. ह्या मॉडेलला टाइप-सी वरून १०० वॅटपर्यंत चार्जिंग चालतं. मुठीत मावेल असा चार्जर येतो, दोनशे ग्रॅमच्या आसपास, तो मी माझ्याकडून देतो, पैसे नको. कॉलेजला जाताना तोच न्यायचा, मोठा अडॅप्टर खोलीवर राहील, तिथे गेम खेळताना तोच लावायचा, छोट्यावर गेम खेळायची नाही. खांद्यावरचं अर्धा किलो तरी उतरेल. आणि दोन्ही खांद्यांवर घ्यायची सॅक घ्या हो, एका पट्ट्याची साइड बॅग आहे त्याच्याकडे, तीपण फोटोत दिसतीय.

दसऱ्याला येतोय म्हणाला पोरगा. मशिन घेऊन राजारामपुरीत दुकानावर पाठवा, पंखे साफ करून, सगळे मोड त्याच्या हाताने बदलायला लावून, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त खंडेनवमीला नको, त्या दिवशी आमचे स्क्रू ड्रायव्हर सगळे पूजेला मांडलेले असतात, कोण उघडून देणार नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी या, आणि मोठा अडॅप्टर खोलीवर विसरून येऊ नको म्हणून त्याला आत्ताच सांगून ठेवा.