'काका गाडी धूवा' लिहिणाऱ्या बोटा, एकदा सापड तू मला

लिहून गेलाय कोणीतरी. बोटाने, धुळीत, माझ्या कॅम्परच्या, म्हणजे आत गादी टाकून राहण्याजोग्या केलेल्या व्हॅनच्या, सरकत्या दारावर. "काका गाडी धूवा".

अरे गाढवा, धुळीत बोट फिरवलं की नुसती धूळ नाही सरकत, त्यातली बारीक कच तुझ्या बोटाखाली पॉलिश पेपरसारखी घासते. काल 4 तास घालवून धुतली. धूळ गेली, वाक्य तिथंच. सकाळचं तिरकं ऊन पडलं की गडद निळ्यावर अख्खं चमकतं, दुपारी गायब, संध्याकाळी परत हजर. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे तो पारदर्शक थर, असतो केवढा, 40-50 मायक्रॉन, आपला केस त्याहून जाड. त्यातला थोडा ह्याने खाल्ला आणि आता ओरखडे घालवायला कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारून उरलेल्यातला थोडा मीच खाणार.

आणि धूळ काय मी हौसेने साठवलेली? 2027 च्या कुंभासाठी अख्खं नाशिक खणून ठेवलंय, सकाळी धुतलेली गाडी संध्याकाळी मुरमाची दिसते. आणि ही काय स्कूटर नाही फडका मारला झालं. जुनी ट्रॅव्हलर आहे, साडेआठ फूट उंच. टपापासून सुरुवात करा, शिडी सरकवा, दोन बादल्या, एक शाम्पूची, एक मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खंगाळायची, तेही ऊन चढायच्या आत, कारण आमच्या बोअरचं पाणी रंगावर वाळलं की पांढरे ठिपके, ते काढायला परत व्हिनेगर. आणि खालून सोसायटीतले एक काका रोज विचारणार, "निरमा का नाही टाकत?" टाकतो ना काका, सगळं वॅक्स उतरवतो आणि मग तुमच्या धोतरासारखी पांढरी करतो.

वॉशिंग सेंटरला का देत नाही, हेही विचारू नका. दिली होती. 900 घेतले "मोठी गाडी" म्हणून, आणि पोराने प्रेशरची बंदूक थेट खिडकीच्या सीलंटवर रोखली, पाणी आतल्या गादीत. वर ज्या फडक्याने टायर पुसला त्याच फडक्याने बॉनेट. मी ओरडलो तर म्हणे, "साहेब, स्वच्छ आहे, आत्ताच पिळलाय." आणि तो रंगावर सिरॅमिक कोटिंग करणारा, "9 एच आहे सर, ओरखडाच पडणार नाही". अरे ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या खडीला ते कोण सांगणार! आमच्या भावोजींनी तर इगतपुरीला बॉनेटवर मिसळीची स्टीलची ताटली ठेवली. ठेवली एकवेळ चालेल, पण पाव घ्यायला *सरकवली*. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी फक्त लग्नकार्यात बोलतो.

पण खरं सांगू का, ओरखड्यापेक्षा जास्त डोक्यात गेलाय तो ऊकार. धूवा! दीर्घ! धुवा ऱ्हस्व असतं रे, पाचवीतलं पोर सांगेल. लिहायचंच होतं, माझ्याच क्लिअर कोटवर कायमचं लिहायचं होतं, तर निदान शुद्ध तरी लिहायचं. आता जो कोणी शेजारी गाडी लावेल त्याला वाटणार मालकानेच हौसेने लिहून घेतलंय, आणि मालकाला शुद्धलेखन येत नाही.

रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो होतो, खोली किती ते बघायला. नख अडकत नाही, म्हणजे पॉलिशने निघेल. तेवढ्यात बायको वरून गॅलरीतून, "अहो, दीड महिना झाला होता ना धुवून?"

एक महिना दहा दिवस. पण मी काही बोललो नाही, टॉर्च बंद केला.